धीर म्हणजे काय?

स्थितप्रज्ञाचीं लक्षणें आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविलीं. तीं आमच्या अंगीं कितपत मुरलीं होतीं, याची परीक्षा मात्र एकदांच झाली, आणि तींत आम्ही साफ नापास झालों. ती हकीकत वाचकांस सांगण्यांत आतां संकोच वाटत नाहीं.

आमचें डिंगोरें माळशेज घाटाच्या वाटेवर. पावसाळ्यांत या बाजूस पावसाचा जोर फार. 1994 सालच्या आषाढांत जवळच्याच एका शाळेंत आम्ही गीतेचा दुसरा अध्याय सांगत असतां छपराचा वासा कडाडला आणि चार कौलें खालीं आलीं. आम्ही ओरडलों, "पळा!" चाळीस मुलें एकाच दाराकडे धांवलीं. रेटारेटींत एक मुलगा खालीं पडला आणि त्याचा हात मोडला.

तोंच शाळेचे शिपाईमामा आले. पडलेल्या मुलास त्यांनीं उचलून बाहेर दिलें आणि दाराशीं उभे राहून, रोज शाळा सुटतांना जो स्वर असे त्याच स्वरांत ते म्हणाले, "खिडकीकडची रांग आधीं. मग मधली." पाहतां पाहतां वर्ग रिकामा झाला. मागाहून त्यांस पाणी दिलें, तेव्हां पेला त्यांच्या हातांत थरथरत होता.

"मामा, तुम्हांलाहि भीति वाटली?"

"वाटली की, गुरुजी. पण पोरांना वाट कुणी सांगायची?"

पुढें 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्रीं मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोघां दहशतवाद्यांनीं गोळीबार करून पन्नासांहून अधिक माणसें मारलीं. त्या वेळीं रेल्वेचे उद्घोषक विष्णु झेंडे आपल्या कक्षांत कामावर होते. त्यांनीं ध्वनिक्षेपक सोडला नाहीं. फलाट क्रमांक एकच्या मागील बाजूनें बाहेर पडा, असें ते हिंदींत व मराठींत पुनःपुन्हा सांगत राहिले. कक्षावरहि गोळ्या झाडण्यांत आल्या. तरी त्यांच्या सूचनांमुळें पुष्कळांचे प्राण वाचले. ती बातमी वाचतांना आम्हांस शिपाईमामाच आठवले. नुसतें 'पळा' असें दोघांनींहि म्हटलें नाहीं. कोठून जावयाचें, तें सांगितलें.

भीति आम्हांस वाटली, तशी मामांसहि वाटली. अंतर एवढेंच कीं, पुढचें एक लहानसें काम त्यांस ठाऊक होतें. असें काम ऐन संकटांत सुचत नाहीं. तें आधीं ठरलेलें असावें लागतें. घरांत पोर भाजलें म्हणजे दहा तोंडें ओरडतात. पण पाणी कोणीं ओतावयाचें आणि गाडी कोणीं आणावयाची, हें कोणासच ठाऊक नसतें. वडीलधाऱ्यांनीं तें एकदां स्वस्थपणें बसून ठरवून ठेवावें.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर वर्षीं जून महिन्यांत, पहिल्या धड्याआधीं, आम्ही मुलांस वर्गाबाहेर पडण्याचा क्रम शिकवीत असूं. तो मुलगा आज संसारी गृहस्थ आहे. ओतूरच्या बाजारांत भेटला म्हणजे वांकून नमस्कार करतो. त्या हाताला राहिलेला किंचित् बांक तेवढा आमच्या नजरेंतून सुटत नाहीं.