परसांतली चूल

कार्तिकांतल्या एका रविवारीं सकाळीं माझ्या भाच्याचा दूरध्वनि आला. हा भाचा कॅनडांत, टोरांटोजवळ राहतो. घरामागच्या अंगणांत त्यानें हौसेनें एक उघडें स्वयंपाकघर थाटलें आहे. "मामा, आजचा सगळा दिवस तें बंद करण्यांत गेला," तो सांगूं लागला. तिकडे हिवाळा यावयाच्या आधीं बाहेरच्या नळाचें पाणी घरांतूनच तोडावें लागतें, नळींतला थेंब न् थेंब काढून टाकावा लागतो. कारण पाणी गोठलें म्हणजे सुमारें ९ टक्के फुगतें आणि धातूची नळीहि फोडतें. शेगडी खरडून, पुसून, तिच्यावर मेणकापड ओढावयाचें आणि बर्फ वितळेपर्यंत तिकडे फिरकावयाचें नाहीं.

मला हंसूं आलें. तो बोलत असतां माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानें माखले होते आणि दूरध्वनि माझ्या कानाशीं धरून पत्नी उभी होती. ज्या दिवशीं त्यानें आपलें बाहेरचें स्वयंपाकघर मिटलें, त्याच्या दुसऱ्याच सकाळीं मी आमचें उघडत होतों.

आमचें गांव निफाड तालुक्यांत आहे. महाराष्ट्रांतल्या कडाक्याच्या थंडीच्या बातम्यांत या तालुक्याचें नांव हटकून येतें. कांहीं रात्रीं पारा इतका उतरतो कीं, द्राक्षांचे मणी तडकूं नयेत म्हणून बागाईतदार बागांतून शेकोट्या पेटवितात. तरी ही थंडी कोरडी आहे. ती माणसाला घरांत कोंडीत नाहीं. उलट उन्हांत ओढून काढते. आमच्या परसाचें दार मिटतें तें आषाढांत, आणि उघडतें तें दिवाळीनंतर. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर दूरदेशींचे पक्षी उतरूं लागले कीं आमच्या बाहेरच्या चुलीचेहि दिवस येतात.

पावसाच्या चार महिन्यांत मातीच्या चुलीचा नुसता ढिगारा उरतो. ती दरवर्षीं नव्यानें घालावी लागते. आजवर हें काम आईचें. चिकण माती आदल्या दिवशीं भिजत घालावयाची, तींत गव्हाचा भुसा आणि लीद कालवून ती तुडवावयाची. भुसा कमी पडला तर वाळतांना चुलीला भेगा जातात. मग आधीं मुख्य चूल, तिच्या शेजारीं वैल, आणि भांडें टेकावें म्हणून कांठावर तीन उंचवटे. चार दिवस ती सावकाश वाळूं द्यावयाची आणि वरून शेणमातीचा हात फिरवावयाचा. तुराट्या, छाटणीनंतर उरलेल्या द्राक्षाच्या काड्या, असें सरपण पत्र्याखालीं रचून ठेवावयाचें.

हें सारें मला तोंडपाठ होतें. त्याविषयीं मी बोललोंहि पुष्कळ आहें. निखाऱ्यावर टम्म फुगणारी बाजरीची भाकरी, धुराचा वास लागलेलें पहाटेचें ऊन पाणी, यांचें वर्णन मीं मित्रमंडळींत इतक्या वेळां केलें आहे कीं, तीं दोन्ही मींच सिद्ध करीत असावा असें ऐकणाऱ्याला वाटावें. २०१६ सालीं उज्ज्वला योजना निघाली, तेव्हां चुलीच्या धुरानें बायकांच्या फुप्फुसांची काय दशा होते हें मीं वर्गांत मोठ्या कळकळीनें सांगितलें होतें. पण त्याच वर्षीं दिवाळीच्या सुटींत घरीं आल्यावर, आंत गॅस असतांना, मीं चुलीवरचीच भाकरी मागितली. या दोन गोष्टींत कांहीं विसंगति आहे हें माझ्या ध्यानांतहि आलें नाहीं.

यंदा भाद्रपदांत आईची छाती भरली. डॉक्टरांनीं तपासतां तपासतां विचारलें, "चुलीपुढें किती वर्षें बसलांत, आजी?" आई म्हणाली, "लग्न होऊन आल्यें तेव्हांपासून." त्यांनीं औषध लिहून दिलें आणि धुराजवळ जावयाचें नाहीं अशी ताकीद दिली.

"आतां यंदा चूल नको," असें पत्नीनें सांगितलें, आणि तें मला पटलें. पण दिवाळी सरल्यावर आई दोन दिवस मागच्या ओट्यावर बसून मोकळ्या परसाकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "यंदा माती आणली नाहींस का रे?" तिला नाहीं म्हणणें मला जमेना. म्हणून मींच बाह्या सरसावल्या.

चूल वाळली. मार्गशीर्षाच्या आरंभीं एका पहाटें मीं ती पेटविली. मांडणी सगळी आठवणीप्रमाणें केली होती: बसणाऱ्याचें तोंड पूर्वेला, आणि आडोशाची तट्टी पश्चिमेला, माझ्या पाठीशीं. जाळ धरेना म्हणून मी फुंकणी घेऊन वांकलों, तों सगळा धूर माझ्या तोंडावर आला. डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. पुन्हा फुंकलें, पुन्हा तेंच. अखेर मी खोकत खोकत उठलों.

ओट्यावरून आईनें विचारलें, "तट्टी कुठें लावलीस?"

"पश्चिमेला. नेहमींसारखी."

"अरे, ती पावसाळ्याची जागा. सरपण भिजूं नये म्हणून तिथें असते. थंडींत वारा ईशान्येकडून येतो. मी दरवर्षीं ती हलवीत असें." जरा थांबून ती म्हणाली, "तुझी सुटी तोंवर संपलेली असायची."

मीं तट्टी उचलून समोर, ईशान्येला, रोवली. धूर सरळ वर जाऊं लागला. पण माझे डोळे बराच वेळ चुरचुरत राहिले. पन्नास वर्षें मीं त्या चुलीची भाकरी खाल्ली, आणि धूर पाहिला तो दुरून. दुरून धूर फार सुंदर दिसतो. तो कोणत्या बाजूनें येतो हें समोर बसणाऱ्याखेरीज कोणाला कळत नाहीं, आणि त्या बसणारीला आम्ही कधीं विचारलेंहि नाहीं.

आतां रोजचा स्वयंपाक आंत गॅसवर होतो. शनिवारीं रात्रीं मी गांवीं येतों. रविवारीं बाहेर आंघोळीचें पाणी तापतें, आणि भाकरी होते. चुलीपुढें मी बसतों. माझी भाकरी अजून वांकडी होते व फुगत नाहीं. काडी ओढण्यापूर्वीं आई चुलींतली गार राख चिमूटभर घेऊन हवेंत सोडते. ती राख जिकडे जाईल, त्याच्या उलट बाजूला मी तिची खुर्ची सरकवितों, आणि मग जाळ लावतों.