एलिझाबेथ हाउलंड कोणाची लेक?

1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजातून 102 प्रवासी इंग्लंडहून अमेरिकेकडे निघाले. प्लिमथला वस्ती केल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. वाचलेल्यांत जॉन हाउलंड होता. तो जॉन कार्व्हर यांच्या घरचा चाकर म्हणून आला होता, आणि हे कार्व्हर पुढे वसाहतीचे पहिले गव्हर्नर झाले. वाटेत वादळात हाउलंड समुद्रात फेकला गेला होता, पण जहाजावरून लोंबणारा दोर हाती लागला म्हणून वाचला. त्याने एलिझाबेथ नावाच्या मुलीशी लग्न केले. त्यांना दहा मुले झाली, दहाही जगली आणि दहांचेही संसार झाले. म्हणूनच आज या जोडप्याचे वंशज अमेरिकाभर पसरले आहेत. फ्रँकलिन रूझवेल्ट आणि बुश पिता-पुत्र हे तीन राष्ट्राध्यक्ष त्यांतलेच. एवढ्या मोठ्या कुळाची मूळ स्त्री, ही एलिझाबेथ, कोणाची लेक होती? ‘गव्हर्नर कार्व्हरची’ हे उत्तर कित्येक पिढ्यांनी निःशंकपणे दिले. ते पुस्तकांत छापले गेले आणि वंशजांनी उभारलेल्या स्मृतिशिळेवरही कोरले गेले. ते चूक होते.

वसाहतीचे नंतरचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या इतिहासाचे हस्तलिखित बोस्टनहून नाहीसे झाले होते. 1855 मध्ये ते लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात, फुलहॅम पॅलेसमध्ये असल्याचे उघड झाले, आणि पुढच्याच वर्षी छापले गेले. त्याच्या शेवटी ब्रॅडफर्ड यांनी 1651 च्या सुमारास केलेली प्रवाशांची यादी आहे: कोणत्या कुटुंबातून कोण आले, कोण मेले, कोणाचे लग्न कोणाशी झाले, मुले किती. तिथे स्पष्ट नोंद आहे की हाउलंडने जॉन टिली यांच्या मुलीशी लग्न केले, दोघेही हयात आहेत आणि त्यांना दहा मुले आहेत. टिली पती-पत्नी पहिल्याच हिवाळ्यात वारले होते. इंग्लंडमधल्या बेडफर्डशायरातील हेन्लो गावच्या चर्चमध्ये एलिझाबेथच्या बाप्तिस्म्याची 1607 ची नोंदही मिळते. म्हणजे बोटीतून उतरल्यावर काही महिन्यांतच पोरकी झालेली तेरा वर्षांची ती मुलगी होती, आणि तिच्या आईबापांची नावे पुसून तिथे गव्हर्नरांचे नाव बसले होते.

या एका प्रकरणातून वंशावळ-संशोधन या माझ्या क्षेत्राचा मुख्य नियम सांगता येतो. वंशावळीत माणसे सिद्ध करून भागत नाही, दोन माणसांमधला प्रत्येक दुवा वेगळा सिद्ध करावा लागतो. कार्व्हर होते, हाउलंड होता, एलिझाबेथ होती, या तिघांबद्दल कोणालाच शंका नव्हती. खोटी होती ती फक्त ‘ची मुलगी’ ही दोन माणसांना जोडणारी रेघ. दुव्याचा पुरावा तोलताना तो किती जुना आहे किंवा किती पुस्तकांत आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही. लिहिणाऱ्याला ते कसे ठाऊक होते, त्याने ते कधी लिहिले आणि कशासाठी लिहिले, हे पाहावे लागते. ब्रॅडफर्ड त्याच बोटीतून आले होते, त्याच गावात तीस वर्षे या जोडप्याच्या शेजारी राहिले होते, आणि टिली यांना मुलीचे वडील ठरवण्यात त्यांचा काही लाभ नव्हता. उलट कार्व्हरची कथा दहा पुस्तकांत असली तरी ती दहाही एकाच ऐकीव गोष्टीवर उभी होती. एकाच झऱ्यातून दहा घागरी भरल्या म्हणून झरे दहा होत नाहीत.

परंपरेला इतक्या सहज मोडीत काढू नये, असा आक्षेप येतो, आणि तो मला रास्त वाटतो. हाउलंड आणि कार्व्हर यांचा खरोखरच संबंध होता. तो त्यांच्या घरात राहत होता, आणि यादीत त्याचे नाव त्याच घराखाली येते. आठवणीने तो संबंध जपला, फक्त चाकराचा जावई केला. कौटुंबिक परंपरा बहुधा अशीच वागते: नाते उरते, पण नात्याचा प्रकार वरच्या पायरीवर सरकतो. म्हणून परंपरा शोध कुठे सुरू करायचा ते सांगते. शोध कुठे संपवायचा हे तिच्यावर सोपवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ब्रॅडफर्डसारखी यादी प्रत्येक कुळाला थोडीच मिळते? मॅसॅच्युसेट्सने जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवण्याचा कायदा 1639 मध्येच केला, पण नोंदी सगळीकडे सारख्या नेमाने झाल्या नाहीत. व्हर्जिनियाची स्थिती त्याहून बिकट. तिथल्या काही जिल्ह्यांनी यादवी युद्धात सुरक्षिततेसाठी आपले दप्तर रिचमंडला हलवले, आणि 1865 मध्ये शहर जळाले तेव्हा ते सगळे तिथेच भस्मसात झाले. इतका काटेकोरपणा धरला तर या भागातल्या कोणाचीच वंशावळ उभी राहणार नाही, असे म्हणतात. याचे उत्तर वंशावळ-संशोधक डोनाल्ड लाइन्स जेकोबस आणि त्यांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामातून दिले. ‘अमुक तमुकचा मुलगा’ असे सांगणारा कागद नसला तरी जमिनीचे, कराचे आणि साक्षीदारांचे कागद एकत्र वाचून दुवा सिद्ध करता येतो. मात्र त्या काळचा कायदा माहीत हवा. वसाहतकालीन व्हर्जिनियात मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाकडे आपोआप जाई. त्यासाठी खरेदीखत किंवा बक्षीसपत्र लागत नसे. मॅसॅच्युसेट्समध्ये अशा वेळी सगळ्या मुलांना वाटा मिळे, फक्त थोरल्याला दुप्पट. म्हणून व्हर्जिनियातल्या मृत्युपत्रात थोरल्या मुलाचे नाव नाही, एवढ्यावरून तो मुलगाच नव्हता असे ठरत नाही. समजा, एकाने 1690 मध्ये शंभर एकर विकत घेतले आणि 1720 मध्ये त्याच आडनावाचा दुसरा माणूस तेच शंभर एकर विकतो आहे, मधे कोणताही दस्त नाही. अशा वेळी ती जमीन वारशाने आली, हा अनुमानाचा भक्कम पाया होतो. विक्रीच्या वेळी पत्नीला आपला आजन्म एक-तृतीयांशाचा हक्क सोडल्याचे कबूल करावे लागे, म्हणून ज्या बाईचे नाव इतर कुठेच नाही ते तिथे सापडते. मला तरी या क्षेत्रातले सर्वात सुंदर काम हेच वाटते. रुक्ष महसुली कागदातून घर पुन्हा उभे राहते.

अर्थात हे कागदही फसवतात. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले की नावापुढे ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ लावत. ते बाप-लेकच असतील असे नाही, काका-पुतणे किंवा अगदी परकेही असू शकत. वसाहतींत 1752 पर्यंत जुनी दिनदर्शिका चाले आणि वर्ष 25 मार्चला बदलत असे. नोंदीत लग्न जून 1672 चे आणि मुलाचा जन्म 10 मार्च 1672 चा दिसला, तर मूल लग्नाआधीचे ठरवून मोकळे होणारे अभ्यासक आहेत. त्या हिशेबात मार्च हा जूनच्या नंतर येतो, आणि मूल लग्नानंतर नऊ महिन्यांनी झालेले असते.

आता जनुकीय चाचणीने हे सगळे निकालात निघाले, असे बरेच जण मानतात. चाचणी उपयोगी आहे. सलग पुरुषांच्या रेषेतले दोन दूरचे चुलत भाऊ खरोखर एका मूळ पुरुषाचे आहेत का, हे पुरुषांचे ‘वाय’ गुणसूत्र चांगले सांगते. पण तो मूळ पुरुष कोण, हे ते सांगत नाही. बाप, भाऊ आणि चुलता यांची खूण सारखीच असते. शिवाय बारा पिढ्या मागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात 4096 जागा असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा एकही अंश आपल्या शरीरात उरलेला नसतो. अंश न सापडणे म्हणजे नाते नसणे नव्हे. चाचणीला कागद लागतोच.

या सगळ्यावर एक सौम्य प्रश्न उरतो. चार शतकांपूर्वीचा बाप चुकला तर कोणाचे काय बिघडते? माझ्या मते बरेच बिघडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वंशाभिमानी संस्था निघाल्या: 1890 मध्ये अमेरिकन क्रांतीच्या कन्यांची, 1897 मध्ये मेफ्लॉवर वंशजांची. सभासदत्वासाठी वंशावळ लागे, आणि मागणीमागोमाग पुरवठाही आला. मूळ स्वीडनचा गुस्ताव अंजू हा गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये श्रीमंत घराण्यांना भारी मोबदल्यात पूर्वज करून देत असे. पुष्कळ खऱ्या मृत्युपत्रांच्या मधोमध तो एखादा बनावट दुवा घाली, आणि तोच दुवा वसाहतीतल्या साध्या शेतकऱ्याला इंग्लंडच्या उमराव घराण्याशी जोडी. 1942 मध्ये तो वारला. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याची पद्धत उघड केली, तरी त्या वंशावळी आजही नकलून घेतल्या जातात. खोटा पूर्वज रिकाम्या जागेवर बसत नाही, तो खऱ्याला उठवून बसतो. टिली पती-पत्नींचे तसेच झाले होते, आणि त्यांच्याहून दुबळ्यांचे रोज होते. 1635 मध्ये व्हर्जिनियात जॉर्ज मेनिफी यांनी माणसे आणल्याबद्दल माणशी पन्नास एकर जमीन मागितली. त्या यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद आहे. भारताकडचा एक माणूस शिवजन्मानंतर पाचच वर्षांनी तिथे पोचला होता, आणि त्याच्याबद्दल त्या कागदावर याहून अधिक काही नाही. गुलाम केलेल्या आफ्रिकींची तर आडनावेही क्वचित लिहिली गेली. मुक्त झालेल्यांची पूर्ण नावे देशाच्या जनगणनेत सरसकट प्रथम आली ती 1870 मध्ये. ज्या दप्तरात अशा माणसांसाठी एकेक ओळच आहे, तिथे एखाद्याच्या हौसेखातर खोटी ओळ घालणे हा मला अन्याय वाटतो. म्हणूनच ‘अज्ञात’ हा शब्द मी वंशावळीत अपयश मानत नाही. पुढच्या अभ्यासकाला कुठे खणायचे ते तोच दाखवतो. भरून टाकलेल्या चौकटीकडे कोणी पुन्हा फिरकत नाही.

आज कितीतरी मराठी घरांत अमेरिकन सुना आणि जावई आहेत, आणि नातवंडांना शाळेत दोन्हीकडच्या घराण्यांचा तक्ता करायला सांगतात. व्याह्यांकडून मेफ्लॉवरपर्यंत पोचणारी छापील वंशावळ आली तर ती आदराने घ्या, पण नातवाला प्रत्येक दोन पिढ्यांच्या मधल्या रेघेवर बोट ठेवायला शिकवा. तिथे कागद कोणता, तो कोणी आणि कधी लिहिला, आज कुठे आहे, हे त्याला पेन्सिलीने लिहू द्या. जिथे लिहिता येणार नाही, तिथे रेघ तुटक काढायला सांगा.