गोठलेली फी, वाढती पावती

सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांची फी गोठवा, ही मागणी मला रास्त वाटते. फक्त गोठवायचं नेमकं काय, ते पावती हातात घेतल्याशिवाय कळत नाही. शिकवणी शुल्क वरच्या ओळीत गरीब गायीसारखं उभं असतं. त्याखाली ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र, विद्यार्थी कल्याण, आपत्ती व्यवस्थापन, अश्वमेध अशी रांग लागते. (अश्वमेधात घोडा नाही, विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धा आहेत.) आरडाओरड होते ती वरच्या ओळीवरून, वाढ होते खाली.

2024 च्या जुलैत राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. निर्णय चांगलाच. पण आमच्या आळीतले एक रिक्षावाले मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचा कागद घेऊन आले. "सर, माफ झालं म्हणत होते ना? मग हे कसले पैसे?" बोट विकास शुल्कावर होतं. खाली अनामत, त्याखाली वसतिगृह. माफी दोनच शीर्षांची होती, त्यामुळे कॉलेजवर चिडायचीही सोय नव्हती. त्यांनी कागदाची चौघडी करून खिशात ठेवली आणि पतपेढी किती वाजता उघडते ते विचारलं.

प्राचार्यांना विचारावं तर ते म्हणतात, खर्च भागवायचा कशातून? तेही खोटं नाही. निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक मानधनाची वाट बघत शिकवतात. मग त्याच इमारतीत विनाअनुदानित तुकडी निघते. जिना एकच, फळा तसाच, फी कितीतरी पट. अनुदानित बी.कॉम.ची स्वस्ताई समोरच्या वर्गातल्या बी.बी.ए.वाल्याच्या बापाने पेललेली असते, हे कुणी बोलून दाखवत नाही.

इंग्लंडात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. 2017 पासून देशी विद्यार्थ्यांची फी 9,250 पौंडांवर थिजली, ती 2025 पर्यंत हलली नाही. महागाई काही थांबली नव्हती. तूट भरून काढायला विद्यापीठं परदेशी मुलांकडे वळली, कारण त्यांच्या फीला सरकारी कमाल मर्यादा नाही. घर तारण ठेवून पुण्या-नागपुराहून गेलेली मुलं त्यातलीच.

म्हणून माझं म्हणणं असं की गोठवायची तर अख्खी पावती गोठवा, आणि तीही प्रवेशाच्या दिवशीची, पदवी हातात पडेपर्यंत. राहिलेला फरक सरकारने द्यावा, तोही वेळेवर. शिष्यवृत्तीसारखा पुढच्या वर्षी, महाडीबीटीवर अर्ज 'प्रलंबित' दिसत असताना नव्हे. आणि त्याच शासन निर्णयात रिक्त जागा भरण्याची तारीखही हवी. नाहीतर फी जागच्या जागी राहील आणि अर्थशास्त्राच्या तासाला शिकवायला कुणी नसेल.