दोन तासांचाच तर प्रश्न!

मैत्रिणींनो, गेल्या सुट्टीत आम्ही गाडीने गावी निघालो. ५ किलोची छोटी गॅसची टाकी ह्यांनी डिकीत आडवी टाकली. "अहो, उभी ठेवा ना!" म्हटलं, तर म्हणे, "दोन तासांचाच तर प्रश्न!" मी गप्प बसले.

घाटाखाली धाकटी म्हणाली, "आई, कसला गं वास येतोय?" काळजात चर्रच झालं! गाडी थांबवून मुलांना लांब नेलं, दारं सताड उघडली. पाहते तो टाकीच्या तोंडाला टोपणच नाही! ते पिशवीत राहिलं होतं. ते घट्ट बसवलं, तेव्हा वास थांबला.

हा गॅस हवेपेक्षा जड. गाडीत तळाशी साचतो. टाकी आडवी असली की वाफेऐवजी द्रव तोंडाशी येतो, आणि गळालाच तर त्याचा सुमारे २५० पट गॅस होतो. म्हणून टाकी उभी, बांधलेली, टोपण लावलेली हवी. काचा उघड्या, सिगारेट बंद. उन्हातल्या बंद गाडीत ती ठेवू नका. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक लक्षात ठेवा.

शाळेत मी हेच शिकवते, अन् घरी मात्र गप्प बसले. तुम्ही बसू नका हं!