काळ्या वावरातला बगळा

फोटोग्राफी शिकायची म्हटलं की मराठी माणसाला आधी कोकण आठवतं. गुहागरचा किनारा, सुरूची बनं, ओल्या वाळूत उतरलेली संध्याकाळ. चांदूर रेल्वेच्या माणसानं हे कुठून आणावं? आमच्याकडे पाणी म्हणजे मालखेडचा तलाव आणि रान म्हणजे पोहरा-मालखेडचं जंगल. तलावावर पाणकावळे पंख वाळवत बसतात, खंड्या सूर मारतो. नवशिक्याला एवढं भरपूर आहे. पण उजेड म्हणजे काय, हे मला तलावापेक्षा वखरलेल्या वावरानं जास्त शिकवलं.

सोयाबीन निघालं, की हरभऱ्यासाठी वावर तयार करायची घाई सुरू होते. वखराच्या पासेखालून ओली माती वर येते आणि मागे गायबगळे किडे टिपत चालतात. लेन्स रोखून मी धुऱ्यावर बसलेलो. वावरवाले काका बैल थांबवून आले, म्हणाले, "काय करतं गा बगळ्याचे फोटो काढून? आमच्या बैलाचा काढ ना!" मग स्क्रीनवर वाकून पाहिलं. "याले तं पिसंच नाहीत. चुना फासल्यावानी दिसते."

नेमकं बोलले. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे, असं धरून चालतं. अंगावर पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत फेकणारी ती छटा. चौकटीत बहुतेक काळी मातीच असली, तर त्याला वाटतं अंधार पडलाय. ते उजेड वाढवतं. माती राखाडी होते आणि बगळ्याची पिसं जळून जातात. इथे एक्स्पोजर मुद्दाम खाली आणावं लागतं. वेचणीला आलेली पऱ्हाटी जवळून टिपताना गणित उलटं: सगळीकडे कापूसच कापूस, मीटर बिचकतं, उजेड कमी करतं आणि कापूस मळकट दिसतो. तेव्हा एक्स्पोजर वर न्यायचं. किनाऱ्यावर लाटांचा फेस चौकटभर झाला, की तिथंही हेच होतं. म्हणजे कोकणात गेलो असतो तरी हा धडा चुकला नसता. फक्त तिथं तो सुंदर सूर्यास्ताच्या आड दडून बसला असता.

अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास अमेरिकेत झोन सिस्टीम मांडली ती याच पेचातून वाट काढायला. गडद काळ्यापासून शुभ्र पांढऱ्यापर्यंत छटांच्या पायऱ्या पाडायच्या आणि कोणती वस्तू कोणत्या पायरीवर बसवायची, ते छायाचित्रकारानं ठरवायचं. अ‍ॅडम्सकडे योसेमिटीचे कडे आणि बर्फ होता. वऱ्हाडात सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकातून झालेली काळी माती आहे आणि तिच्यातच उगवणारा पांढरा कापूस. छटांची दोन्ही टोकं एकाच सातबाऱ्यावर!

मोबाइलचं मला म्हणूनच पटत नाही. तो न विचारता सावल्या उजळतो, आकाश निळंगर्द करतो आणि आमची माती तपकिरी करून हातात देतो. फोटो झकास दिसतो, लाइकही मिळतात, पण ते वावर चांदूरचं राहत नाही, कुठलंही होतं. काळं काळंच दिसावं, हा माझा हट्ट आहे. छपाईवाला दर वेळी विचारतो, थोडं ब्राइट करू का? मी नाही म्हणतो. तो मान हलवतो, बहुधा कीव करत.

उन्हाळ्यात मात्र सगळे हट्ट बाजूला ठेवावे लागतात. सकाळी आठलाच ऊन असं चढतं, की सावल्यांत काही उरत नाही. कॅमेरा पिशवीत घालून घरी यावं, हे बरं.

काकांच्या बैलांचा फोटो अजून द्यायचा आहे. जोडीतला एक पांढराशुभ्र, दुसरा काळाभोर. एक्स्पोजर कोणावर धरायचं, असं मी त्यांनाच विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "काळ्यावर धर. थोच ओढते, पांढरा नुसता संग चालते."