दोन केंद्रांमधले ऊन

१/ सौरप्रारणाच्या नकाशावर प्रत्येक गावाला आकडा असतो. प्रारण मोजणारी केंद्रे मात्र मोजकीच. मग उरलेल्या गावांचे आकडे येतात कुठून? त्या रिकाम्या जागांचा हा इतिहास. #थ्रेड

२/ आरंभी ऊन तासांत मोजले जाई. १८५३ मध्ये जॉन कॅम्पबेल यांनी लाकडी वाडग्यात काचेचा गोल ठेवला. एकवटलेले किरण लाकडावर जळकी खूण उमटवीत. १८७९ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी त्याजागी पुठ्ठ्याची पट्टी आणली. १९२४ मध्ये स्वीडनच्या आँगस्ट्रॉम यांनी या तासांवरून प्रारण काढण्याचे सूत्र दिले.

३/ भारतात हे कार्य उभे केले अ‍ॅना मणी यांनी. पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी उपकरणे घडवली आणि १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षासाठी प्रारणकेंद्रांचे जाळे विणले. तरीही दोन केंद्रांमधले अंतर उरलेच.

४/ ते भरण्याची जुनी रीत पर्जन्यमापनातली. १९११ मध्ये आल्फ्रेड थिसेन यांनी प्रत्येक जागेला सर्वांत जवळच्या केंद्राचा आकडा दिला. रीत सोपी, पण सीमारेषा ओलांडताच आकडा उडी घेतो.

५/ १९६८ मध्ये हार्वर्डचे विद्यार्थी डोनाल्ड शेपर्ड यांनी सर्व केंद्रांना अंतरानुसार वजन दिले: जितके जवळ, तितके भारी. उडी गेली. मात्र अशी सरासरी मोजलेल्या कमाल-किमान मूल्यांबाहेर जाऊ शकत नाही. शिखरावर केंद्र नसेल, तर तिथले दाट ढग नकाशात उतरतच नाहीत.

६/ तिसरी रीत खाणीतून आली. दक्षिण आफ्रिकेत डॅनी क्रिगे यांनी १९५१ मध्ये मोजक्या नमुन्यांवरून सोन्याचे प्रमाण अंदाजले. फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँ यांनी त्याला सिद्धान्ताचे रूप देऊन ‘क्रिगिंग’ हे नाव रूढ केले. अंतरासोबत मूल्ये किती बदलतात, हे येथे नोंदींवरूनच ठरते; शिवाय अंदाजासोबत संभाव्य चुकीचे मापही मिळते.

७/ श्रेष्ठ कोणती? कसोटी अशी: एक केंद्र झाकावे, इतरांवरून त्याचे मूल्य काढावे, मग खऱ्या नोंदीशी ताडावे. निकाल प्रदेशागणिक बदलतो. पावसाळ्यात महाबळेश्वर ढगांत बुडालेले असते, तर पूर्वेच्या पर्जन्यछायेत आभाळ अधिक मोकळे. तिथे केवळ अंतर पाहणारी रीत फसते; उंची किंवा उपग्रहाच्या नोंदी जोडाव्या लागतात.

८/ सौर प्रकल्पाचे उत्पन्न, आणि म्हणून कर्जाची परतफेड, याच आकड्यावर बेतलेली असते. इतिहासाचा अभ्यासक दोन कागदपत्रांमधला काळ अनुमानाने भरतो, तेव्हा ते अनुमान असल्याचे सांगतो. नकाशाकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवावी: मोजले कुठे, अंदाजले कुठे आणि चूक किती संभवते, हे त्याने सांगावे.