छत वर की जमीन खाली

गिरगावातली मामाची इमारत पुनर्विकासाला गेली. सामान हलवायला गेलो तर जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट खाली काढून ठेवलेली, आणि जिनाभर ग्रीसचा वास. मामाच्या शर्टाला कायम यायचा तोच. मामाची हयात लिफ्टच्या दुरुस्तीत गेली. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

त्या वासानं आठवला तो आमचा वाद. मामा मुलीकडे फ्लोरिडाला गेला होता, तेव्हा तिनं त्याला तिथल्या डिस्नेचं हाँटेड मॅन्शन दाखवलं. मी नोकरीसाठी कॅलिफोर्नियात होतो. मी पाहिलेलं मॅन्शन अ‍ॅनाहाइमच्या डिस्नेलँडमधलं. फोनवर भांडण जुंपलं ते आतल्या अष्टकोनी खोलीवरून. दार बंद होतं आणि भिंती लांबत जातात. भिंतीवरच्या एका चित्रात छत्री घेतलेली गोड मुलगी; चित्र खाली वाढतं तशी तिच्या पायाखाली दोरी दिसते, दोरीखाली आ वासलेली मगर. मामाला मगरीशी कर्तव्य नव्हतं.

“छत वर जातं रे.”

“नाही मामा, आपण खाली जातो.”

“लिफ्ट सुटली की आधी गुडघ्यांना कळतं. माझे गुडघे गप्प होते.”

माझ्या पोटात मात्र गोळा आला होता.

दोघांचंही खरं होतं. अ‍ॅनाहाइमचा बंगला १९६३ मध्येच बांधून झाला. मग न्यूयॉर्कच्या १९६४-६५ च्या जागतिक प्रदर्शनात सगळे गुंतले, डिसेंबर १९६६ मध्ये वॉल्ट डिस्ने गेले, आणि लोकांसाठी दार उघडलं ऑगस्ट १९६९ मध्ये. भुतांचा एवढा पसारा त्या बंगल्यात मावणारा नव्हता. तो उभारला पलीकडे, आणि मध्ये पार्कच्या आगगाडीचा बांध. माणसं रुळांखालून न्यायची तर आधी उतरवायला हवीत, म्हणून लिफ्ट. ती लिफ्ट वाटू नये म्हणून लांबणाऱ्या भिंती. फ्लोरिडात १९७१ मध्ये बांधाची अडचण नव्हती. खोली मात्र ठेवली, जमीन जागच्या जागी राहिली आणि छत उचललं. टोकियोतही छतच वर जातं. पॅरिसला पुन्हा जमीन खाली.

हे सांगितल्यावर मामानं लगेच विचारलं, “मग तुमची माणसं वर कशी येतात?” शेवटी सरकत्या पट्ट्यावरून चढवतात, म्हटल्यावर त्याचं समाधान झालं. इतक्या जणांना मी त्या खोलीचं वर्णन केलंय, हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही.

मूळ रचनेवरून चाहते आजही तावातावानं भांडतात. टोपीच्या डब्यात मुंडकं धरलेलं भूत १९६९ मध्ये थोड्याच दिवसांत काढलं, ते २०१५ मध्ये परत आलं. आता ते माळ्यावर नवरीच्या भुतासमोर हवं की माळ्याच्या तोंडाशी, यावर रात्र जागवतील. लांबणारी चित्रं मार्क डेव्हिस यांची, हे सगळ्यांना पाठ. खोलीभर माणसं धक्का न लावता उतरवणारी ती जमीन कुणी बसवली, याची चौकशी कुणी करत नाही. याचा मला राग येतो. गिरगावात मामानं किती बाळंतिणी, किती दमेकरी म्हातारे वर पोचवले असतील; पण लिफ्ट अडकली की हाक यायची, “त्या लिफ्टवाल्याला बोलवा.” नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

माझ्या लेखी मूळ खोली अ‍ॅनाहाइमचीच, कारण ती गरजेतून आली. तिथं गेलात तर दार लागल्यावर क्षणभर चित्रं बघू नका. गुडघे सैल सोडून उभे राहा.